बर्नलीचं प्रकरण: बचाव, देखणा खेळ आणि दोन रेलिगेशन

२०२१-२२ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, बर्नली या क्लबने ३८ सामन्यांत ३४ गोल केले, ५३ खाल्ले आणि ३५ गुणांवर क्लब खालच्या श्रेणीत गेला, म्हणजेच रेलिगेट झाला. दोन वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, अगदी उलट्या पद्धतीने खेळून ४१ गोल केले, ७८ खाल्ले आणि २४ गुणांवर क्लब पुन्हा खाली गेला. पहिला संघ मुख्यतः मॅनेजर शॉन डायचचा, दुसरा मॅनेजर व्हिन्सेंट कोम्पनीचा. सात गोल जास्त मिळाले, त्यासाठी पंचवीस गोल जास्त खावे लागले.

गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या कुठल्याही क्लबचे चाहते हाच वाद घालत असतात. आधी टिकू या, खेळ कसा दिसतो ते नंतर बघू, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो की नव्वद मिनिटं नुसते चेंडू उडवताना बघायला आम्ही तिकीट काढत नाही. बहुतेक क्लबांच्या बाबतीत हा वाद हवेतच राहतो, कारण क्लब एकच वाट धरतो आणि दुसरी धरली असती तर काय झालं असतं हे कुणालाच कळत नाही. बर्नलीने मात्र २०२२ ते २०२५ या काळात दोन्ही वाटा धरून पाहिल्या, आणि प्रीमियर लीग व तिच्या लगेच खालची चॅम्पियनशिप या दोन्ही श्रेणींत धरून पाहिल्या. म्हणून हे प्रकरण नीट उलगडण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडण शैलीवरून झालं, पण दोन्ही वेळा क्लब बुडाला तो त्या शैलीला लागणारी माणसं हातातून गेल्यामुळे.

क्लब केवढा, भीती कसली

बर्नली हे इंग्लंडमधल्या लँकेशायरचं जुनं कापडगिरण्यांचं गाव. लोकसंख्या साधारण ऐंशी हजार. टर्फ मूर या मैदानावर क्लब १८८३ पासून खेळतो आणि तिथे सुमारे बावीस हजार माणसं बसतात. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १९२१ आणि १९६० साली तो इंग्लंडचा विजेता होता. एवढ्याशा गावाने देशाचं विजेतेपद मिळवावं, हे आजच्या पैशाच्या फुटबॉलमध्ये कुणाला खरं वाटणार नाही.

पण जुन्या चाहत्यांच्या मनात १९६० इतकंच १९८७ सालही घर करून आहे. चौथ्या श्रेणीतला शेवटचा क्लब थेट लीगबाहेर जाण्याचा नियम त्याच हंगामापासून लागू झाला होता, आणि शेवटच्या दिवशी बर्नली तळाला होता. ओरिएंटला २-१ असं हरवलं म्हणून क्लब वाचला, त्याच्याऐवजी लिंकन सिटी बाहेर गेला. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना 'आधी टिकू या' या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या पिढीला भित्री म्हणणारे तरुण चाहते मला अन्याय करताना दिसतात.

पैशाचा हिशोबही मोठा आहे. प्रीमियर लीगमध्ये अगदी शेवटच्या आलेल्या क्लबलाही लीगच्या सामाईक उत्पन्नातून अलीकडच्या वर्षांत दहा कोटी पौंडांच्या आसपास रक्कम मिळते. खाली गेल्यावर पॅराशूट पेमेंट म्हणून, लीगमधल्या प्रत्येक क्लबला मिळणाऱ्या समान वाट्याच्या ५५, ४५ आणि २० टक्के अशी रक्कम तीन वर्षांत येते, पण एकाच हंगामात परत खाली गेलेल्या क्लबला दोनच वर्षं. डिसेंबर २०२० मध्ये बर्नलीची मालकी एएलके कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेली, आणि त्या खरेदीसाठी उभं केलेलं बरंचसं कर्ज क्लबच्याच अंगावर आलं. रेलिगेशनची भीती आता नुसत्या अपमानाची राहिली नव्हती.

डायचचा काळ: एक गोल करायचा, तो जपायचा

डायच ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. २०१४ साली त्याने संघ वर नेला, २०१५ साली खाली गेला, २०१६ साली पुन्हा वर. त्यानंतर सलग सहा हंगाम प्रीमियर लीग. मैदानाशेजारच्या एका पबने आपलं नाव बदलून 'रॉयल डायच' केलं, यावरून गावाचा जीव किती जडला होता ते कळेल.

त्याचा खेळ सगळ्यांना पाठ होता. ४-४-२, म्हणजे चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन पुढे. चार-चारच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून, पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी. प्रतिस्पर्ध्याला बगलेतून येऊ द्यायचं, आत येऊ द्यायचं नाही. त्याने लांबून फटका मारला तर मारू द्यायचा, पण चेंडू आणि गोल यांच्यामध्ये दोन-तीन अंगं उभी असलीच पाहिजेत. चेंडू मिळाला की सरळ पुढे, उंच आघाडीवीराकडे, आणि त्याच्या डोक्यावरून पडणाऱ्या चेंडूवर सगळ्यांनी झडप घालायची. टीव्हीवर नुसतं बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. पण जेम्स टारकोव्हस्की आणि बेन मी ही मधल्या बचावपटूंची जोडी चेंडू कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे उभी असायची, आणि ते कसब मला एखाद्या नाजूक पासइतकंच देखणं वाटतं.

२०१७-१८ मध्ये हा खेळ शिखरावर होता. ३६ गोल केले, ३९ खाल्ले, ५४ गुण, सातवं स्थान, आणि एक्कावन्न वर्षांनी युरोपीय स्पर्धेत प्रवेश. गोल ३६ आणि गुण ५४, हे लक्षात ठेवा. कारण चार वर्षांनी ३४ गोलांत ३५ गुण मिळाले. गोल करण्यात फरक फक्त दोनाचा, खाण्यात चौदाचा. सामन्याला एक गोलही न करणाऱ्या संघाला चूक परवडत नाही. त्याचा बचाव नुसता चांगला असून भागत नाही, तो जवळजवळ अभेद्य लागतो. २०२१-२२ मध्ये खाल्लेले ५३ गोल तसे वाईट नव्हते. त्या वर्षी लीड्सने ७९ गोल खाल्ले आणि तरी ३८ गुणांवर तो टिकला. एव्हर्टनने ६६ खाल्ले, ३९ गुणांवर टिकला. पण लीड्सने ४२ गोल केले होते आणि एव्हर्टनने ४३.

विजय-बरोबरी-पराभव हा हिशोब आणखी बोलका आहे. बर्नली: ७ विजय, १४ बरोबरी, १७ पराभव. लीड्स: ९ विजय, ११ बरोबरी, १८ पराभव. लीड्स एक सामना जास्त हरला आणि वाचला. इंग्लंडमध्ये १९८१ पासून विजयाला तीन गुण आहेत, त्यामुळे 'हरलो तर नाही' या समाधानाची किंमत पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. बचावात्मक खेळ म्हणजे सुरक्षित खेळ, असं जे गृहीत धरलं जातं ते इथे पहिल्यांदा तुटतं.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते शैलीत नाही. डायचची पद्धत तीच होती, ती राबवणारी माणसं म्हातारी होत होती आणि त्यांच्या जागी नवी येत नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात मैदानी खेळाडूंपैकी फक्त डेल स्टीफन्सला घेतलं. २०२१-२२ पर्यंत हा लीगमधल्या सर्वांत वयस्क संघांपैकी एक झाला होता. आणि जानेवारी २०२२ मध्ये, मोसमाच्या मध्यावर, करारातल्या कलमामुळे न्यूकॅसलने ख्रिस वुडला अडीच कोटी पौंडांत उचलून नेलं, तेही तळाच्याच लढाईतल्या क्लबने. लागोपाठ चार हंगामांत लीगमध्ये दहा किंवा जास्त गोल करणारा आघाडीवीर होता तो. त्याच्या जागी आलेल्या वाउट वेगहॉर्स्टने वीस लीग सामन्यांत दोन गोल केले. उंच चेंडूवर उभ्या असलेल्या खेळातून तो चेंडू झेलणाराच काढून घेतल्यावर बाकीच्या दहा जणांनी काय करावं?

१० एप्रिलला तळाच्या नॉर्विचकडून ०-२ असा पराभव झाला. १५ एप्रिल २०२२ ला, आठ सामने उरलेले असताना, डायचला काढलं. तेव्हा ३० सामन्यांत २४ गुण होते. तात्पुरत्या माइक जॅक्सनच्या हाताखाली उरलेल्या आठ सामन्यांत ११ गुण आले, साउथॅम्प्टन, वुल्व्ज आणि वॉटफर्ड यांना ओळीने हरवलं, आणि तरीही शेवटच्या दिवशी न्यूकॅसलकडून घरच्या मैदानावर १-२ असं हरून क्लब खाली गेला. काही चाहते या ११ गुणांवर बोट ठेवून म्हणतात की आधीच काढलं असतं तर वाचलो असतो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. आठ सामन्यांच्या धडाक्यावरून पूर्ण हंगामाचं भाकीत करता येत नाही, आणि वुड तर जॅक्सनकडेही नव्हता.

कोम्पनी: वर्षभर गावाने मान ताठ ठेवली

जून २०२२ मध्ये कोम्पनी आला. पोप, टारकोव्हस्की, बेन मी, कॉलिन्स, मॅकनील, कॉर्ने हे सगळे गेले किंवा विकले गेले. म्हणजे त्याला संघ बदलायचा नव्हता, नव्याने उभारायचा होता. त्याने चेंडूवर ताबा ठेवणारा, मागून एकेक पास देत वर सरकणारा, चेंडू गेला की लगेच प्रेस करणारा, म्हणजे चेंडू असलेल्या खेळाडूवर धावून जाणारा, संघ उभारला. चॅम्पियनशिपमध्ये १०१ गुण, ८७ गोल केले, ३५ खाल्ले. सात सामने बाकी असताना, ७ एप्रिल २०२३ ला मिडल्सब्रोमध्ये बढती पक्की. आणि विजेतेपद कुठे मिळालं? कट्टर प्रतिस्पर्धी ब्लॅकबर्नच्या मैदानावर, १-० ने. देखण्या खेळाची बाजू घेणाऱ्या चाहत्यांना हवेत बोलणारे म्हणणाऱ्यांनी हा हंगाम डोळ्यांपुढे आणावा. वर्षानुवर्षं 'तुमचा खेळ बघवत नाही' असं ऐकलेल्या लोकांना आपल्या संघाची स्तुती ऐकायला मिळाली. हे समाधान गुणतक्त्यात दिसत नाही, पण चाहता त्यासाठीच तर असतो.

प्रीमियर लीगमध्ये मात्र घरच्या मैदानावरचे पहिले सातही लीग सामने संघ हरला. हंगामभरात ५ विजय, ९ बरोबरी, २४ पराभव. पाच विजयांपैकी दोन शेफील्ड युनायटेडवर आणि एक ल्यूटनवर, म्हणजे तीन विजय सोबत बुडालेल्यांवरच.

हे का झालं, यावर थोडं थांबायला हवं, कारण चाहत्यांच्या वादात नेमका हाच भाग गाळला जातो. चॅम्पियनशिपमध्ये बहुतेक संघ बर्नलीसमोर मागे सरकून उभे राहत. त्यामुळे बर्नलीचे बचावपटू पसरून उभे राहायचे, एक फुलबॅक (बगलेचा बचावपटू) मधल्या फळीत यायचा, आणि चेंडू हरवलाच तर तो प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात हरवायचा. तिथून आपल्या गोलपर्यंत साठ मीटर असतात, सावरायला वेळ मिळतो. प्रीमियर लीगमध्ये प्रतिस्पर्धी पुढे येऊन प्रेस करत. तोच पास, तीच पसरलेली रचना, पण चेंडू आता स्वतःच्या गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर जात होता, आणि त्या क्षणी दोन्ही सेंटर-बॅक (मधले बचावपटू) एकमेकांपासून लांब. खेळ तोच राहिला, चूक होण्याची जागा बदलली. आणि पुढच्या आघाडीवीरांचा नेम चॅम्पियनशिपमधल्यांपेक्षा पक्का.

वसंतात याची दोन लख्ख उदाहरणं पाहायला मिळाली. ६ एप्रिल २०२४ ला एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर बर्नलीचा गोलरक्षक मुरिचने मारलेला चेंडू अंगावर धावून आलेल्या कॅल्व्हर्ट-लेविनला लागून गोलमध्ये गेला. एव्हर्टन १, बर्नली ०. पुढच्याच शनिवारी ब्रायटनविरुद्ध साध्या बॅकपासवर मुरिचचा पाय चुकला आणि चेंडू त्याच्याच गोलमध्ये सरकला. सामना १-१. पूर्ण खापर मुरिचवर फोडणं मला पटत नाही. गोलरक्षकाने पायाने खेळावं असं ठरवलं, की प्रत्येक सामन्यात तो दहा-वीस वेळा दडपणाखाली उभा राहणार हेही ठरतं. मार्चमध्ये ज्याच्या जागी मुरिच आला तो जेम्स ट्रॅफर्ड तर हंगामाच्या सुरुवातीला अवघा वीस वर्षांचा होता.

आता इथेही माणसांचा हिशोब लावा. १०१ गुणांच्या संघातला नेथन टेला, लीगमध्ये १७ गोल करणारा, साउथॅम्प्टनकडून उसना होता. मधल्या फळीत शिरणारा फुलबॅक इयान मात्सेन चेल्सीचा उसना. सेंटर-बॅक हारवुड-बेलिस मँचेस्टर सिटीचा उसना. उन्हाळ्यात हे तिघेही परत गेले आणि पुन्हा आले नाहीत. जुन्या फळीतला अ‍ॅशली बार्न्सही गेला. त्यांच्या जागी मोठा पैसा ओतून खूप खेळाडू घेतले, बहुतेक कोवळ्या वयाचे, बहुतेकांना या लीगचा अनुभव नाही. कोम्पनीची शैली प्रीमियर लीगमध्ये चालली नाही, असं सरसकट म्हटलं जातं. मी म्हणेन की ती शैली ज्यांच्या पायांत मुरली होती ते लीगमध्ये आलेच नाहीत. हट्टाचा दोष कोम्पनीकडे जातोच. सात घरचे पराभव होईपर्यंत रचना जवळपास तशीच ठेवणं ही मॅनेजरची जबाबदारी होती. वसंतात त्याने बदल केले तेव्हा चेल्सीशी दहा जणांनिशी २-२ आणि मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर १-१ अशा बरोबऱ्याही मिळाल्या. उशीर झाला होता. ११ मे ला टॉटनहॅमकडून १-२ हरल्यावर रेलिगेशन पक्कं झालं. त्या वर्षी सतरावा आलेला नॉटिंगहॅम फॉरेस्ट चार गुण कापले जाऊनही ३२ गुणांवर होता, म्हणजे ३३ गुण पुरले असते.

त्याच वर्षीचा एव्हर्टन

टिकण्याची बाजू घेणाऱ्यांकडचा सर्वांत भक्कम पुरावा हा आहे. डायच जानेवारी २०२३ मध्ये एव्हर्टनला गेला होता. २०२३-२४ मध्ये त्याच्या संघाने ४० गोल केले, बर्नलीपेक्षा एक कमी. खाल्ले ५१, बर्नलीपेक्षा सत्तावीस कमी. बरोबऱ्या दोघांच्याही नऊ. आणि गुण? मैदानावर ४८, बर्नलीच्या बरोबर दुप्पट. आर्थिक नियमभंगापायी आठ गुण कापले गेले तरी ४० उरले आणि एव्हर्टन आरामात पंधरावा. डायचने बर्नलीला दोन्ही सामन्यांत हरवलं, डिसेंबरमध्ये टर्फ मूरवर २-० आणि मुरिचच्या त्या चुकीचा १-०.

इथे कुणीही म्हणेल की वाद संपला, बचाव जिंकला. पण त्या एव्हर्टनच्या बचावफळीच्या मध्यभागी कोण होता? जेम्स टारकोव्हस्की. २०२२ साली करार संपल्यावर बर्नलीतून एकही पौंड न मिळता गेलेला. डावीकडे ड्वाइट मॅकनील, तोही बर्नलीचाच. डायचची पद्धत एव्हर्टनमध्ये चालली कारण ती पद्धत अंगवळणी पडलेली माणसं तिथे होती, आणि मागे पिकफर्डसारखा गोलरक्षक होता.

नुसता बचावाचा पवित्रा घेतल्याने काय होतं हे त्याच हंगामात शेफील्ड युनायटेडने दाखवलं. बऱ्याच सामन्यांत पाच बचावपटू मागे ठेवून त्यांनी १०४ गोल खाल्ले, ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीगमधला हा विक्रम आहे. ल्यूटनने थेट, धावपळीचा, धाडसी खेळ केला, ५२ गोल केले, ८५ खाल्ले, तोही गेला. बढती मिळालेले तिन्ही क्लब त्या वर्षी एकदम खाली गेले, १९९७-९८ नंतर प्रथमच. तिघांच्या तीन शैली. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन या तिघांचं तेच झालं. साउथॅम्प्टन मागून पास देत खेळण्याच्या हट्टापायी १२ गुणांवर संपला आणि सात सामने बाकी असतानाच खाली गेला.

एक युक्तिवाद चाहते फार प्रेमाने करतात: खाली जायचंच असेल तर चांगलं खेळून जाऊ. मला यातला अभिमान कळतो. पण २०२३ च्या शरद ऋतूत टर्फ मूरवर ओळीने सात पराभव पाहणाऱ्यांना देखणा खेळ मिळाला का? मागच्या मागे दहा पास, अकरावा प्रतिस्पर्ध्याच्या पायात, आणि गोल. हरताना देखणा खेळ फार वेळ देखणा राहत नाही, कारण पास देणाऱ्याचा आत्मविश्वास आधी जातो. आधी त्याचा पास आखूड होतो, मग आडवा, मग मागे. चाहते ज्याला 'निरर्थक ताबा' म्हणून शिव्या घालतात तो बऱ्याचदा घाबरलेल्या पायांचा खेळ असतो.

पार्करचा हंगाम आणि चक्रावून टाकणारं गणित

मे २०२४ च्या अखेरीस कोम्पनी बायर्न म्युनिकला गेला. रेलिगेट झालेल्या मॅनेजरला बायर्नने उचलावं, याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. मला वाटतं बायर्नने १०१ गुण पाहिले आणि आपल्याकडे त्या खेळाला लागणारे खेळाडू आहेत हेही पाहिलं.

जुलैमध्ये स्कॉट पार्कर आला. सावधपणासाठी तो ओळखला जायचा. २०२०-२१ मध्ये त्याच्या फुलहॅमने प्रीमियर लीगमध्ये २७ गोल करून ५३ खाल्ले होते आणि २८ गुणांवर तो खाली गेला होता. बर्नलीत त्याने आधी दार बंद केलं. एस्तेव आणि इगन-रायली ही तरुण सेंटर-बॅक जोडी, पुढ्यात कलन आणि लॉरेंट, आणि गोलमध्ये आदल्या वर्षी टीकेने होरपळलेला तोच ट्रॅफर्ड. ४६ सामन्यांत संघाने फक्त १६ गोल खाल्ले. ३० सामन्यांत एकही नाही. पराभव दोनच.

तरीही हिवाळ्यात चाहते कुरकुरत होते. बरोबऱ्या सोळा, त्यातल्या कितीतरी ०-०. चॅम्पियनशिपमध्ये बलाढ्य असलेल्या आपल्या संघाने घरच्या मैदानावर पुढे जाऊन का खेळू नये, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. जानेवारीतला सुंदरलँडविरुद्धचा ०-० सामना मात्र कुणी कंटाळवाणा म्हणणार नाही. शेवटच्या काही मिनिटांत ट्रॅफर्डने दोन पेनल्टी अडवल्या. २१ एप्रिल २०२५ ला ब्राउनहिलच्या दोन गोलांवर शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून बढती मिळाली, तेव्हा कुरकुर करणारेही मैदानात उतरून नाचले.

आता दोन हंगाम शेजारी ठेवा. कोम्पनी: ८७ केले, ३५ खाल्ले, फरक ५२, गुण १०१. पार्कर: ६९ केले, १६ खाल्ले, फरक ५३, गुण १००. एकाने अठरा गोल जास्त केले, दुसऱ्याने एकोणीस कमी खाल्ले, आणि दोघे जवळजवळ त्याच जागी पोचले. बढतीच्या दृष्टीने कुठली शैली बरोबर, या प्रश्नाला या क्लबच्या इतिहासात उत्तरच नाही. पहिला हंगाम जास्त आनंदाचा होता, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन. गुण सारखेच येणार असतील तर चाहत्याने आनंद मागावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वरच्या श्रेणीत मात्र हे समीकरण तसंच लागू होत नाही. तिथे बर्नलीसारख्या क्लबचे गोल साधारण ३५ ते ४५ च्या दरम्यान राहतात, मग खेळ कुठलाही असो. डायचच्या शेवटच्या वर्षी ३४, कोम्पनीच्या वर्षी ४१. ही बाजू फारशी हलत नाही. हलते ती खाल्लेल्या गोलांची बाजू, आणि ती ३९ पासून ७८ पर्यंत हललेली आपण पाहिली. म्हणून प्रीमियर लीगमध्ये आलेल्या छोट्या क्लबच्या चाहत्याने पहिला प्रश्न असा विचारावा असं मला वाटतं: आपण चेंडू कुठे हरवतो, आणि तो हरवतो त्या क्षणी मागे किती जण उभे असतात? मागून पास देत खेळायचं ठरवलं तरी याचं उत्तर चांगलं असू शकतं, आणि पाच बचावपटू ठेवूनही ते वाईट असू शकतं. २०२१ साली वर आलेल्या ब्रेंटफर्डने बलाढ्य संघांसमोर पाच जणांची बचावफळी, बरोबरीच्या संघांसमोर चारची, आणि फ्री किक, कॉर्नर, लांब थ्रो यांवर मन लावून मेहनत असं सगळं एकत्र ठेवलं. पहिल्याच वर्षी ४६ गुणांवर तेरावा. त्यांना बचावात्मक म्हणायचं की आक्रमक, यावर त्यांचे चाहते फारसे भांडलेच नाहीत.

दुसरा प्रश्न मॅनेजरला नाही, मालकांना विचारायचा आहे. ही शैली ज्यांच्या जोरावर चालली त्यांच्यापैकी किती जण पुढच्या हंगामात असतील? २०२२ मध्ये वुड नव्हता. २०२३ मध्ये टेला, मात्सेन आणि हारवुड-बेलिस नव्हते. २०२५ च्या उन्हाळ्यात १६ गोल खाणाऱ्या संघातला ट्रॅफर्ड मँचेस्टर सिटीकडे परत गेला, इगन-रायली करार संपल्यावर मार्सेला गेला, आणि बढतीच्या सामन्यात दोन्ही गोल करणारा ब्राउनहिलही क्लब सोडून गेला. प्रीमियर लीगमधला पहिला सामना तेव्हा अजून व्हायचा होता, आणि संघ किती बचावात्मक खेळणार यावर चाहत्यांचं भांडण मात्र सुरू झालेलं होतं.